रावळ बोल्ट आणि गिझर

नवीन फ्लॅटमध्ये गिझर लावायला फिटर आला आणि आल्या आल्या ड्रिल काढलं. विचारलं, "दादा, भिंत कशाची आहे बघितलंत का?" तर म्हणे, "साहेब, भिंत ती भिंत."

हे काही पटेना. रावळ बोल्ट (हे आपल्यातले रावळ नव्हेत बरं का, इंग्लंडच्या रॉलिंग्जचं हे देशी रूप!) टिकतो तो घर्षणावर. नट आवळला की बोल्टच्या टोकाचा शंकू स्लीव्हमध्ये ओढला जातो, स्लीव्ह फाकते आणि भोकाच्या कडेला रेटा देते. काँक्रीट तो रेटा झेलतं. म्हणूनच भोकातली धूळ काढायची आणि कडेजवळ ड्रिल करायचं नाही, नाहीतर टवकाच निघतो. प्लास्टर तर जमेतच धरायचं नाही.

पण आमची भिंत एएसी ब्लॉकची, आत सगळे हवेचे बुडबुडे. तिथे स्लीव्ह फाकली की ब्लॉकचाच भुगा. नट आवळत बसा, बोल्ट आपला गोल फिरतोय! आणि 25 लिटरचा गिझर म्हणजे नुसतं पाणीच 25 किलो, टाकी वेगळी. त्याच्या बरोब्बर खाली स्टुलावर बसून आंघोळ करणार माझी आई.

"एवढं कोण बघतं साहेब?" फिटर वैतागला. शेवटी भिंतीच्या आरपार स्टड घातले आणि पलीकडे, बेडरूमच्या बाजूने, लोखंडी पट्टी लावून आवळले. पट्टी बायकोला अजिबात आवडलेली नाही. तिच्यावर कॅलेंडर टांगायचं घाटतंय.