नाताळात मुंबई: एक फुल, तीन सवलती

नाताळच्या आठवड्यात रायगडाच्या पायथ्याशी आमच्या हिरकणीवाडीत गाडी लावायला जागा मिळत नाही. रोपवेच्या रांगेत मुंबई-पुण्याची माणसं उजाडताच उभी असतात, शाळांच्या सहली पाचाडपासून ओरडत येतात, आणि वाडीतल्या घराघरांत पिठलं-भाकरीचा रगाडा सुरू होतो. 1996 साली रोपवे झाला तेव्हापासून हे असंच. त्यात 2025च्या जुलैत युनेस्कोनं बारा किल्ल्यांच्या यादीत रायगड घेतला, म्हणजे यायला आणखी एक निमित्त झालं. ताक पिता पिता दादरच्या एक बाई आमच्या सईला म्हणाल्या, “तुमचं किती छान गं, सुट्टीला कुठं जावंच लागत नाही!” पोरगी पाचवीत आहे. तिनं बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रात्री जेवताना विचारलं, “आपण कधी जायचं त्यांच्याकडं?”

ऐन हंगामात घर बंद ठेवून जाणं म्हणजे दुहेरी खर्च. बायकोनं वहीत आकडा लिहिला: सगळं मिळून पाच हजार, वर एक रुपया नाही. एसटीच्या हिशोबानं मात्र आमचं कुटुंब आदर्श निघालं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. बायकोला बाईमाणूस म्हणून निम्मं तिकीट, सईला वयानं निम्मं. चौघांत पूर्ण पैशाचा माणूस मी एकटा.

माझ्या मनात जाण्याचं वेगळंच कारण होतं. कित्येक वर्षं माझ्या डोक्यात हेन्री ऑक्झेंडन बसलेला आहे. 1674 सालच्या मे महिन्यात मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरानं, जेराल्ड आँजियरनं, याला राज्याभिषेकासाठी वकील म्हणून रायगडावर धाडलं. मुंबईहून होडीनं चौल, मग रोहा-अष्टमी, निजामपूर करत मंडळी पाचाडला पोचली. महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले, तेव्हा थांबा खालीच. आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, मे महिन्याच्या उकाड्यात, राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई कशी मागावी याची उजळणी करत हा माणूस बसून होता. नाताळात खोली मिळत नाही म्हणून कुरकुरणारे पर्यटक पाहिले की मला तोच आठवतो. पाचाडला अडकलेला मुंबईचा पहिला पाहुणा काही तो नसेल, पण माझ्या लक्षात राहिलेला तोच.

तेव्हा मोठं शहर कुठलं होतं ते लक्षात घ्या. राजधानी इकडं होती. मुंबई म्हणजे पोर्तुगिजांनी लग्नाच्या करारात दिलेली, इंग्लंडच्या राजाला नकोशी झालेली आणि 1668 साली वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीच्या गळ्यात मारलेली बेटं. तिथला वकील इथं हिऱ्याची अंगठी घेऊन आला. दरबारात लांबूनच लवून मुजरा केला आणि दुभाष्या नारायण शेणव्यानं अंगठी उंच धरून दाखवली. महालाच्या दाराशी दोन लहान हत्ती पाहून गोऱ्यांना कोडं पडलं, ही जनावरं असल्या वाटेनं वर आणली कशी? जॉन फ्रायर नावाच्या कंपनीच्या डॉक्टरनं 1698 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात हे सगळं नोंदलं आहे. त्यातली मला सगळ्यात आवडणारी नोंद कसायाची. इंग्रजांना रोज अर्धं बकरं लागे. त्यांना मटण पुरवणारा म्हातारा कसाई एक दिवस मुद्दाम गड चढून वर आला. का, तर काही वर्षांत खपलं नव्हतं एवढं मटण महिन्याभरात घेणारी गिऱ्हाइकं आहेत तरी कशी, ते डोळ्यांनी बघायला. गडाखाली पर्यटकांवर पोट भरणाऱ्या आम्हा सगळ्यांचा मूळपुरुष तो.

तर ऑक्झेंडनची वाट उलटी धरायची, समुद्रानं मुंबईत शिरायचं, असा माझा बेत: अलिबागेवरून रेवस, आणि रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच. आत्यानं तो एका वाक्यात बुडवला. “रामदास बुडाली त्या साली माझा जन्म. मी त्या पाण्यावर पाय ठेवायची नाही.” 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली आणि सहाशेंवर माणसं गेली. बहुतेक आपल्याच बाजूची, गटारीला घरी निघालेली चाकरमानी मंडळी. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वीरहून रेल्वे धरावी, तर पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दिव्याहून सुटते. आत्याला आणि बोचक्यांना घेऊन दिव्याला लोकल बदलणं म्हणजे दुसरी रामदास. शेवटी महाडच्या स्टँडवरून सरळ मुंबईची एसटी. 2011 पासून या रस्त्याचं चौपदरीकरण चाललं आहे. माझ्या धाकट्या भावाचं लग्न, मुलं, घर सगळं त्या दरम्यान होऊन गेलं. माणगावला गाडी इतकी रखडली की सईनं पुढच्या टेम्पोवरच्या कोंबड्या मोजून काढल्या.

मुंबईतल्या लॉजबद्दल थोडक्यात सांगतो. फोनवर एक भाडं, दारात दुसरं, “नाताळ आहे ना साहेब.” खोलीला खिडकी होती, ती जिन्यात उघडत होती. गाद्यांतल्या ढेकणांनी रात्री आमची झडती घेतली. सकाळी बायकोनं वही दाखवली; एका रात्रीत बजेटचा चौथा हिस्सा गेला होता. बोचकी उचलली आणि गिरगावात आमच्या गावकीच्या खोलीवर गेलो.

आता ही खोली म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, कारण तुमच्याच चाळीत ती असेल आणि तुम्हाला माहीत नसेल. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून ठेवलेली खोली: भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची दिवसपाळी, म्हणजे तीच वळकटी दोघांना. महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांची चूल अशा खोल्यांतून आलेल्या मनीऑर्डरवर पेटली. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचेही धोबीतलावला असेच गावागावांचे ‘कूड’ होते. आमच्या खोलीत हल्ली दोनच म्हातारे उरलेत, आणि चाळ पाडायची बोलणी सुरू आहेत. त्यांनी आत्याला पलंग दिला आणि आम्हाला चटया. पाणी पहाटे पाचला येतं, अर्धा तास. तक्रार करायला तोंड नव्हतं, भाडं शून्य होतं.

गेटवे पाहिलं. ताज बाहेरून पाहिलं. मरीन ड्राइव्हवर शेंगदाणे खाल्ले. यावर लिहायला इतर लोक आहेत.

खोताची वाडी मात्र खोलीपासून चालत पाच मिनिटांवर. लाकडी गॅलऱ्यांची घरं, दारादारात चांदणीचे कंदील, आणि एका ओट्यावर पेराड नि कुलकुलं विकायला बसलेल्या मावशी. पेराड म्हणजे पेरूची वडी, कुलकुलं म्हणजे शंकरपाळ्याचीच गोल वळलेली बहीण. आत्यानं बिचकत हिंदीत भाव विचारला; मावशींनी अशा ठसक्यात मराठीत उत्तर दिलं की आत्या खालीच बसली. हे ईस्ट इंडियन लोक. 1887 साली यांनी आपली संघटना काढली, ती या नावानं. माणसं मूळची इथलीच, कोळी-आगऱ्यांच्या शेजारची, पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेली. पुढचा अर्धा तास दोघी मसाला भाजण्यावर बोलल्या. दरात दहा रुपये सूट मिळाली, ती वहीत ‘आत्या’ या नावावर जमा आहे.

खोलीच्या शेजारी इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. हिरकणीवाडीची माणसं आलीत म्हटल्यावर स्वतः आले, चहा घेतला आणि पहिलंच वाक्य टाकलं: “हिरकणीला समकालीन कागदात आधार नाही, हे तुम्ही मान्य करता ना?”

मान्य न करून सांगतो कुणाला! कोजागरीला दूध घेऊन गेलेली गवळण, संध्याकाळी मिटलेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि कडा उतरून गेलेली आई. बखरी-पत्रांतून हे सापडत नाही. पण मग मी फ्रायर काढला. इंग्रजांच्या वर्णनात रायगडाला वर यायला एकच वाट, तिच्यावर अरुंद दरवाजे, फितुरी झाली तरच पडेल असा गड. “हे लिहिणारा फ्रायर स्वतः रायगडावर गेलाच नव्हता,” मी म्हटलं, “ऐकीव लिहिलं. ती ऐकीव गोष्ट साधन ठरते, आमची ऐकीव गोष्ट दंतकथा. का? ती इंग्रजीत छापली म्हणून?”

“ती जवळपास त्याच काळात लिहिली गेली म्हणून,” प्राध्यापक शांतपणे म्हणाले. “फ्रायरनं ऐकलं ते जाऊन आलेल्यांकडून. तुम्ही ऐकलंत ते आजीकडून.”

“आणि वाघ दरवाजा? 1689 साली झुल्फिकारखानाचा वेढा असताना राजाराम महाराज त्या बाजूनं निसटले म्हणता ना? म्हणजे एकच वाट हे खोटं.”

“वाघ दरवाजा मान्य. तो दगडात उभा आहे.”

“हिरकणीचा बुरूजही उभा आहे!”

“बुरूज उभा आहे, साहेब. बाई कुठंय?”

आत्या पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, “पाव्हण्याला घराचं पुढचं दार दाखवतात. परसदार कोण दाखवतं?” प्राध्यापक हसले, पण हटले नाहीत, आणि मीही नाही. माझं म्हणणं आजही एवढंच: हिरकणी होती असं सिद्ध करायला माझ्याकडं कागद नाही, पण गडाच्या पायथ्याच्या लोकांना तो कडा दरवाजाइतकाच ओळखीचा होता, हे समजायला कागद लागत नाही. वकिलानं वाट पाहिली, कडा पाहिला नाही.

निघताना त्यांनी मला एक काम दिलं. “उद्या नाताळ. फोर्टात सेंट थॉमसला जा. तुमच्या ऑक्झेंडनच्या साहेबाचंच देऊळ आहे ते.”

गेलो. हॉर्निमन सर्कलजवळचं हे कॅथेड्रल आँजियरनं मनावर घेतलं होतं, राज्याभिषेकानंतर दोनएक वर्षांत भिंतीही उठू लागल्या. मग 1677 साली आँजियर सुरतेत वारला, आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षं तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्यानं वर्गणी गोळा करून काम पुरं केलं आणि 1718च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. कोटाचा इकडे येणारा दरवाजा तो चर्चगेट. कोट पडला, दरवाजा गेला, रेल्वे स्टेशन उरलं. पुढं मुंबईतले मैलांचे दगड याच इमारतीपासून मोजू लागले. आत प्रार्थना चालली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. आत्यानं चपला बाहेर काढल्या होत्या, तिच्या एकटीच्याच. भिंतीवर कंपनीच्या अधिकाऱ्यांचे संगमरवरी पुतळे, आणि मला हिशोब सुचत होता भलताच: हे दार उघडलं ते 1718, आणि कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगडावरचे वाडे जाळले ते 1818. अंगठी घेऊन येण्यापासून तोफा घेऊन येण्यापर्यंत दीडशेही वर्षं लागली नाहीत.

दुपारी राणीची बाग ठरली होती, दुसऱ्या दिवशी घारापुरी. पण माझं मन तिथं राहिलं नव्हतं. साहेबाच्या सणाची ही सुट्टी आपल्या लोकांनी कशाला वापरली, हेच डोक्यात घोळू लागलं. 1885 साली काँग्रेस पहिल्यांदा भरली ती खोलीपासून जवळच, गवालिया टँकला, 28 डिसेंबरला. कचेऱ्या-कोर्टं बंद, वकील मोकळे. आणि 1927च्या नाताळात बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते आमच्या महाडला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी ते 24 डिसेंबरला पद्मावती बोटीनं निघाले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडपर्यंत चालत गेले. मांडवाला जागा कुणी सवर्ण देईना, ती दिली फत्तेखान यांनी. 25 तारखेला रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याच्या पाण्यावरचा दावा मग कोर्टात चालत राहिला, 1937 साली हायकोर्टाचा निकाल येईपर्यंत. आज तीच तारीख, आणि मी राणीच्या बागेत पाणघोडा बघायचा?

बायकोला समजावणं सोपं गेलं, कारण घारापुरीच्या बोटीचे पैसे वाचत होते. सई मात्र पाणघोड्यासाठी पनवेलपर्यंत रडली.

दासगावला मी आणि सई उतरलो. आत्या आणि बायको बोचक्यांसह पुढं गेल्या. खाडीकाठी जाऊन आलो. बोटी केव्हाच बंद पडल्या, गाळ साचला. मग हमरस्त्याच्या कडेनं महाडकडं चालू लागलो. निळे झेंडे लावलेल्या गाड्या शेजारून जात होत्या. एका टेम्पोतल्या बायांनी सईला वर घेतलं, तिला ऊस दिला आणि थोड्या अंतरावर पुन्हा माझ्या हवाली केलं. “त्यांच्यासाठी पण गाडी नव्हती का?” तिनं विचारलं. मोटारवाले बसू देतील याची खात्री नव्हती, म्हणून बोटीनं आले, असं मी सांगितलं. मग ती बराच वेळ मुकाट चालली, आणि पाणघोड्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

महाडच्या स्टँडवर आत्या संतापून बसली होती. हिरकणीवाडीची शेवटची गाडी आमच्या चालण्यात निघून गेली होती. वहीत उरले होते तीनशे वीस रुपये. सहाआसनीवाल्या पोरानं आमची बोचकी, सईच्या हातातली गिरगावची पिशवी पाहिली आणि म्हणाला, “रायगड ना? नाताळ आहे साहेब, आठशे होतील.”

“मेल्या,” आत्या म्हणाली, “तुझ्या आज्याच्या लग्नात वाढपी होते मी.”

अडीचशेत सोडलंन त्यानं.