वांग्यांचा डोंगर

एका भल्यामोठ्या पक्ष्यानं वांगी वगैरे भाज्या पळवल्या आणि त्या परत आणायला दोन पोरं लाकडी हातोडे घेऊन बर्फाच्या डोंगरावर चढू लागली. ही आजीनं सांगितलेली गोष्ट नव्हे. १९८५ साली जपानच्या निन्तेन्दो कंपनीनं आपल्या फॅमिकॉम या यंत्रासाठी काढलेल्या ‘आइस क्लाइंबर’ या खेळाचं हे कथानक आहे. एकूण डोंगर ३२. प्रत्येकाला ८ मजले, आणि वर शिखर. निळ्या कपड्यातला मुलगा पोपो आणि गुलाबी कपड्यातली मुलगी नाना. आपल्याकडे नाना म्हणजे धोतर नेसून ओट्यावर अडकित्ता चालवणारे गृहस्थ. त्यामुळे पडद्यावरच्या त्या चिमुरडीला ‘नाना’ म्हणताना आमच्या घरात वर्षभर तरी हशा पिकत होता.

हा खेळ आमच्या घरी आला तो २००९ साली, म्हणजे जन्मानंतर चोवीस वर्षांनी! फॅमिकॉमच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या जात. बाबांनी तसाच एक कऱ्हाडच्या एस. टी. स्टँडमागून आणला. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. प्रत्यक्षात खेळ वीस-बावीस, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. मी सहा वर्षांचा होतो, ताई अकराची. मी पोपो, ती नाना.

आता खेळातली गोम सांगितली पाहिजे. डोक्यावरचा बर्फ हातोड्यानं फोडायचा, भोक पाडायचं आणि त्यातून वरच्या मजल्यावर उडी घ्यायची. उडी उंच जाते, झकास जाते. पण आडवी म्हणून जवळजवळ जातच नाही. बाण कितीही दाबा, माणूस सरळ वर जाऊन सरळ खाली येतो. त्यातून पाय बर्फाच्या कडेला लागल्यासारखा दिसतो आणि पोरगं त्या बर्फातूनच आरपार खाली! डोळ्यांना दिसलं एक, खेळानं मानलं दुसरं. काही मजले तर सरकत्या पट्ट्यासारखे चालते. वर ढग. फार वेळ रेंगाळलात तर काळा चष्मा आणि चड्डी घातलेलं एक पांढरं अस्वल येतं, उडी मारतं आणि सगळा पडदाच वर सरकवतं.

दोघांनी खेळताना आणखी एक पंचाईत. एक जण वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर जातो आणि खाली राहिलेला पडद्याखाली बुडून मरतो. मी चढायचो, ताई मरायची. मी तळाशी असलो की मात्र ताई हातोडा थांबवून उभी राहायची.

ताई डावखुरी आहे. शाळेत पहिल्या वर्षी बाईंनी तिच्या डाव्या हातावर पट्टी मारून पेन्सिल उजव्या हातात दिली होती. जेवताना आजी तिचा हात धरायची. त्यामुळे नाना बर्फातून आरपार पडली की घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणीतरी म्हणायचंच, “डाव्या हाताला कसं जमायचं?” खरं म्हणजे त्या रिमोटवर बाण सगळ्यांनाच डाव्या अंगठ्यानं दाबावे लागतात. डावखुऱ्याचा त्यात तोटा नाही, झाला तर फायदाच. पण हे म्हणणार कोण? दिवाळीच्या सुट्टीनंतर ताईनं रिमोट खाली ठेवला. पुढे शिवणाच्या क्लासला ती आठ दिवस जाऊन परत आली. टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला, पण परीक्षेला बसली नाही. “हाताची कामं आपल्याला नाहीत बाबा,” हे वाक्य ती इतक्या सहज म्हणते, की जणू आपली उंची सांगते आहे.

यंदा मित्राच्या भावाकडे पुण्याला गेलो होतो. त्याच्याकडे ‘स्विच’ हे निन्तेन्दोचं यंत्र आहे. त्यावर सभासदांसाठी २०१८ पासून जे जुने खेळ ठेवले आहेत, त्यांत ‘आइस क्लाइंबर’ दिसला. या वेळी नक्कल नव्हती, अस्सल खेळ, अस्सल यंत्र, बोटाखाली लोण्यासारखी चालणारी बटणं. मनात होतं की आमचा रिमोटच टाकाऊ होता, आता उडी नीट बसेल. पहिल्याच मजल्यावर पोपो कडेला टेकला आणि आरपार खाली आला. अगदी तसाच!

मग मी तासभर दुसरं काही केलं नाही. वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून उड्या मारल्या. लगेच ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावला. तोही १९८५ चाच, आणि काझुआकी मोरिता या प्रोग्रॅमरचा हात दोन्ही खेळांत आहे. मारिओ धावत आला की उडी लांब जाते, बटण थोडं दाबलं तर छोटी होते, हवेत असतानाही त्याला वळवता येतं. आपल्या मनात आलेलं त्याच्या पायात उतरतं. पोपोच्या बाबतीत मन एकीकडे आणि पाय दुसरीकडे. काही जण म्हणतात की जुन्या खेळांची हीच गंमत, अवघड होते म्हणून गोड होते. मला हे पटत नाही. अवघड असणं वेगळं आणि दिसणाऱ्या कडेवर पाय न टिकणं वेगळं. परीक्षेत प्रश्न कठीण असावा, पण पेनातली शाई आटलेली असू नये.

ताईला फोन केला. ती पतसंस्थेतून नुकतीच घरी आली होती. मी उडीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “म्हणजे तुझाही पोपो पडतो?”

“पडतो.”

“नव्या मशीनवर?”

“नव्या मशीनवर.”

मे महिन्यात ती आली तेव्हा तिला मित्राच्या भावाकडे घेऊन गेलो. तिनं डाव्या हातानं पर्स बाजूला ठेवली, रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि आधी अट घातली, “मी म्हणेन तेव्हाच चढायचं.” भोकाच्या अगदी लगत, अंगाला अंग चिकटावं इतक्या जवळ उभं राहून उडी घ्यायची, हे तिनं चौथ्या मजल्यावर स्वतःच शोधून काढलं. मी तासाभरात जे शिकलो होतो ते तिनं दहा मिनिटांत हेरलं. “थांब... थांब रे... हं, आता.” तीन वेळा ती पडली, पाच वेळा मी. एकदा तर अस्वल आलं आणि दोघंही गेलो.

शिखराखालच्या टप्प्यात वांगी ठेवलेली असतात, ती गोळा करत वर जायचं. शेवटी हिशेबाचा पडदा आला. तिची वांगी तीन, माझं एक.

“पुढचा डोंगर लाव,” ताई म्हणाली.