दोषी ठरवण्यापूर्वी

२ सप्टेंबर २०२५ रोजी सेमिकॉन इंडिया परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर देशापुढे आला आणि त्याचे योग्य ते कौतुक झाले. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस तापमानात काम करू शकणारी ही चिप प्रक्षेपणयानासाठी आहे. प्रक्षेपणयानातील संगणकाची सेवा मात्र उड्डाणाच्या काही मिनिटांतच संपते. रस्त्यावरच्या मालट्रकमधील इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, धूळ, उष्णता आणि हादरे वर्षानुवर्षे सोसतो. चिप घडवण्याचे विज्ञान जितके मोलाचे, तितकेच ती बिघडली आहे की नाही हे ठरवण्याचेही. त्याची बातमी मात्र सहसा होत नाही.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ निकष लागू झाले. त्या काळातला एखादा ट्रक तमिळनाडूतल्या नामक्कलसारख्या मालवाहतुकीच्या गावी बंद पडतो. स्टार्टर फिरतो, इंजिन सुरू होत नाही, स्कॅनर ईसीयूशी बोलू शकत नाही. ‘कॉम्प्युटर गेला’ असा निकाल लगेच दिला जातो, कारण ज्या पेटीच्या आत पाहता येत नाही तिच्यावर संशय घेणे सर्वांत सोपे असते. एकाच ट्रकवर संसार चालवणाऱ्या मालकासाठी हा निकाल महाग असतो. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

जाणता वायरमन ईसीयूला सर्वांत शेवटी हात लावतो. आधी तो पुरवठा आणि अर्थिंग तपासतो, तेही भार देऊन. गंजलेल्या अर्थिंगच्या जोडात अर्धा ओहम रोध असेल, तर तो साध्या मीटरवर मीटरच्या तारांच्या रोधात हरवून जातो. त्याच जोडातून १० अँपिअर विद्युतधारा वाहू लागली की ओहमच्या नियमाने तेथेच ५ व्होल्ट खर्ची पडतात आणि निर्दोष ईसीयू उपाशी राहतो. म्हणून ईसीयूच्या प्लगवर ७० वॅटचा हेडलाइटचा बल्ब लावून विभवांतर मोजायचे. बल्ब मंद पेटला, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

पुढची पायरी सेन्सरांना मिळणाऱ्या ५ व्होल्टची. एखाद्या सेन्सरची तार घासून चासीला टेकली, तर हा पुरवठा कोसळतो आणि ईसीयूच मेल्यासारखा भासतो. सेन्सर एकेक करून काढत जावे. ज्याच्या निघण्याने ५ व्होल्ट परततात, त्याच्याच शाखेत दोष. मग कॅन जाळ्याच्या दोन तारा. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध समांतर जोडलेला असतो, म्हणून बॅटरी काढून मोजल्यास ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. यातली प्रत्येक चाचणी ‘ईसीयू निर्दोष आहे’ असे सिद्ध करण्याची एक संधी असते. सर्व संधी देऊनही तो सुटला नाही, तरच त्याला दोषी म्हणावे.

त्यानंतरही काम संपत नाही. तोच पार्ट नंबर असलेला दुसरा ईसीयू बसवला म्हणजे इंजिन पूर्ववत चालेलच असे नाही. त्यात त्या इंजिनाचे सॉफ्टवेअर हवे. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला संकेतांकही नोंदवावा लागतो, कारण कोणतेही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे घडत नाहीत. ही माहिती आणि ती भरण्याचे साधन बहुधा उत्पादकाच्या ताब्यात असते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलच्या चार क्षेत्रांत वाहनांचाही समावेश आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा.

आणि सर्वांत उपेक्षित प्रश्न: जुना ईसीयू मेला कशाने? बॅटरी न सोडता चासीवर केलेले वेल्डिंग, किंवा चालत्या इंजिनात बॅटरीची तार निसटून अल्टरनेटरने दिलेला शंभर व्होल्टच्या पुढचा झटका, ही त्याची दोन सर्वपरिचित कारणे आहेत. कारण शोधले नाही, तर नवा ईसीयूही त्याच वाटेने जातो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेबाहेर एकदा असे निदान शेवटपर्यंत पाहावे. अनुमान आणि पुरावा यांतले अंतर येथे रुपयांत मोजले जाते, आणि ते रुपये दुसऱ्याच्या कष्टाचे असतात.