नव्या सुनेवर आळ

सर्व्हर स्लो झाला की पहिला संशय घरात शेवटी आलेल्यावर जातो. नवी सून आली आणि दूध नासलं, की झालं! आयटीतही तेच. कालपर्यंत सगळं छान होतं ना? मग काल काय नवीन टाकलं ते सांगा.

तर २०२४ च्या जुलैमधली गोष्ट. नाशिक जिल्ह्यातली एक पतसंस्था. एकच दणकट सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स आणि प्रॉक्समॉक्सवर सहा व्हर्च्युअल मशीन्स. बॅकअप रोज रात्री दहाला सुरू होऊन शेजारच्या चार डिस्कच्या नॅसवर जायचा. जूनमध्ये सभासदांची कागदपत्रं स्कॅन करून ठेवायला नवी व्हीएम आली, तब्बल ६०० जीबीची. आणि त्यानंतर रोज सकाळी दहा वाजता काउंटर उघडला की बँकिंगचं सॉफ्टवेअर रांगायला लागायचं. सव्वाअकरानंतर आपोआप सुरळीत. दुधाचं पेमेंट जमा होतं त्या दिवशी तर रांग पार रस्त्यापर्यंत.

नव्या व्हीएमवाल्यांना शिव्या घालून झाल्या होत्या. मॅनेजरसाहेबांनी उपायही शोधून ठेवला होता. "रोजचा बॅकअप बंद करा, फक्त रविवारी घ्या. तीन वर्षांत एकदाही लागला नाही." आता यावर काय बोलणार? तीन वर्षांत आग लागली नाही म्हणून बंब विकायचा का, असं तोंडावर आलं होतं. पण साहेब क्लायंट पडले. "मला दोन दिवस द्या," एवढंच म्हणालो.

तिथे सिस्टिम बघणारे काका आहेत. मूळचे क्लार्क, वयाने माझ्या वडिलांएवढे, सगळं स्वतःच शिकलेले. त्यांनी बॅकअपचे जुने लॉग जपून ठेवले होते. (हे मी भल्या भल्या कंपन्यांत पाहिलेलं नाही.) कोड्याचं अर्धं उत्तर त्या लॉगमध्येच होतं. पहिली चाळीस मिनिटं ९० एमबी प्रतिसेकंद वेग, आणि मग कड्यावरून पडावं तसा तो ३५ वर. रोज. नवी व्हीएम येण्याच्या आधीही!

म्हणजे सून निर्दोष. आधी सगळा मिळून १.२ टीबी डेटा होता, तो रखडत का होईना सकाळी साडेसहापर्यंत संपायचा. कोणाला कळणार? १.८ टीबी झाल्यावर तेच काम सव्वाअकरापर्यंत गेलं. त्यात नव्या व्हीएमला रिकामा असलेला १०३ नंबर मिळालेला. बॅकअप नंबरवारीने होतो, त्यामुळे १०६ नंबरचं बँकिंग रांगेत शेवटी, म्हणजे नेमकं सकाळच्या वेळेत ढकललं गेलं.

पण बॅकअप चालू असताना बँकिंग का रांगावं? सर्व्हरचा सीपीयू तर निवांत होता. इथे एक गंमत आहे, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. व्हीएम चालू असतानाच तिचा बॅकअप घ्यायचा, तर मध्येच बदलणाऱ्या डेटाचं करायचं काय? अजून बॅकअपमध्ये न गेलेल्या ब्लॉकवर व्हीएमला लिहायचं असेल, तर क्यूईएमयू तिला थांबवतो, जुना ब्लॉक आधी बॅकअपकडे पोचवतो आणि मगच नवं लिहू देतो. म्हणजे नॅस जेवढं हळू, तेवढी काउंटरवरची प्रत्येक एंट्री हळू. (एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीत यावर 'फ्लीसिंग' नावाचा उतारा आला. जुना ब्लॉक तात्पुरता लोकल डिस्कवर ठेवतात. इथे ७ होती.)

त्याच संध्याकाळी बँकिंगचा बॅकअप वेगळा काढून सगळ्यात आधी, रात्री दहाला लावला. रांग मिटली. साहेब खूश, मी नाही. रोग तिथेच होता.

नेटवर्क तपासलं, ९४० मेगाबिट, ठणठणीत. सर्व्हरच्या एसएसडी ठणठणीत. मग रात्री नॅसवर आयोस्टॅट लावून बसलो. पावणेअकराला दिसलं. तीन डिस्क २५ टक्क्यांवर आरामात आणि चौथी सलग १०० टक्के, एकेका लिखाणाला सेकंदाहून जास्त. रेडमध्ये सगळी वरात सगळ्यात लंगड्या घोड्याच्या चालीने चालते.

चौथी डिस्क २०२३ च्या दिवाळीत बदललेली. तीच कंपनी, तीच साइज, थोडी स्वस्त. मॉडेल नंबर कंपनीच्या पीडीएफमध्ये शोधला : एसएमआर.

कोकणातलं कौलारू घर आठवा. एक कौल दुसऱ्यावर चढवलेलं असतं. मधलं एक बदलायचं तर त्यावरची उचलावी लागतात. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक तसेच एकमेकांवर चढवून जास्त डेटा बसवतात. आलेलं लिखाण डिस्क आधी एका छोट्या मोकळ्या भागात घेते, म्हणून पहिली चाळीस मिनिटं मजेत. तो भाग भरला की कौलं उचलणं सुरू! २०२० च्या एप्रिलमध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता, कारण तिन्ही मोठे उत्पादक स्पेसिफिकेशनमध्ये न लिहिता काही मॉडेल्समध्ये हे वापरत होते.

काकांचा चेहरा उतरला. डिस्क त्यांनीच आणली होती. "सर, रिपोर्टमध्ये माझं नाव येईल का हो?" निवृत्तीला सात महिने राहिले होते, आणि साहेबांना नवी सून सापडली नाही तर जुना नोकर चालणार होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

खोकं अजून कपाटात होतं. सहाही बाजू वाचल्या, एसएमआर हा शब्द कुठेच नाही. सहाही बाजूंचे फोटो काढून रिपोर्टला जोडले आणि लिहिलं की खोक्यावर माहिती नसताना खरेदी करणाऱ्याला हे ओळखता येणं शक्य नव्हतं. शिवाय हेही लिहिलं, की दोष सापडला तो जपलेल्या लॉगमुळे. यात एक अक्षर खोटं नाही.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला, काही बोलले नाहीत आणि नव्या डिस्कच्या बिलावर सही केली.

सीएमआर डिस्क आली, रेड पुन्हा बांधून झालं. आता पूर्ण बॅकअप पहाटे साडेतीनला संपतो. मग एका रविवारी काकांना म्हटलं, चला, आता रिस्टोअर करून बघू. तीन वर्षांत ते कोणी केलंच नव्हतं. सव्वा तासात बँकिंगची व्हीएम दुसऱ्या मशीनवर उभी राहिली. काकांनी स्वतःचंच खातं उघडून आदल्या दिवशीची शेवटची एंट्री पासबुकाशी ताडून पाहिली.

ती एसएमआर डिस्क फेकली नाही. पुसून एका यूएसबी केसमध्ये घातली. एकदा लिहून ठेवून द्यायला ती उत्तम आहे. तिमाहीची प्रत तिच्यावर जाते आणि ती सोनंतारण असलेल्या तिजोरीत राहते. किल्ली साहेबांकडे.