कमी ऐकू येतंय, हे सांग

कराड,
बुधवार

चि. बाळास,


काल भाचीचा मेसेज आला. सिस्प्लॅटिनचं पहिलं सलाईन झाल्यापासून तुझ्या दोन्ही कानांत शिट्टी वाजते आणि डॉक्टरांना तू ते सांगितलेलं नाहीस. मशीन बंद पडल्यामुळे आधीच रेडिएशनचे शेक चुकले, त्यात कानाचं काढलं तर औषधही थांबवतील, असं तू तिला म्हणालास. फोनवर मला तुझं बोलणं निम्मंच कळतं आणि हा विषय निम्म्या ऐकण्यावर बोलण्यासारखा नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पुढच्या सायकलच्या आधी नीट वाच.

औषधावर राग धरू नकोस. प्लॅटिनम धातूपासून बनलेलं हे औषध १९७८ पासून कॅन्सरवर वापरात आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये ते शेकाचा परिणाम वाढवतं. मलाही तेच दिलं होतं, आणि मी आज धडधाकट बसून तुला लिहिते आहे, त्यात त्याचा वाटा आहे. पण कानावर ते काय करतं, हेही तुला माहीत हवं. कानाच्या आत शंखासारखा वळलेला एक भाग असतो. त्यातल्या नाजूक केसपेशी आवाज पकडतात. सिस्प्लॅटिननं आधी बारीक, उंच आवाजाच्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. शिवाय औषधाचा अंश कानात महिनोन्‌महिने, कधी वर्षंही राहतो. म्हणून उपचार संपल्यावरही ऐकणं आणखी कमी होऊ शकतं. शिट्टी ही बऱ्याचदा त्याची पहिली खूण असते.

सुरुवातीला आपण बहिरे होतोय असं वाटतच नाही. पुरुषांचा जाड आवाज नीट येतो, पंख्याची घरघर येते, रस्त्यावरचा ट्रक येतो. जातात ती अक्षरं. स, श, फ यांसारखी हवेची अक्षरं आधी पुसट होतात. मला ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू यायचं. ओपीडीत साठ नंबरचं टोकन हातात असताना किंवा नर्स गोळीचे मिलिग्रॅम सांगत असताना ही चूक किती महागात पडेल, याचा विचार कर. त्यात समोरच्याच्या तोंडावर मास्क असला की ओठांवरून अंदाज बांधायचीही सोय उरत नाही.

आता तुझ्या भीतीविषयी. कानाचं सांगितलं की डॉक्टर हात वर करतात, असं होत नाही. ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही अशा ३५६ रुग्णांवर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अभ्यास झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना नुसता शेक दिला, काहींना शेकासोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेलचा लहान डोस. दोन वर्षांनी नुसता शेक घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४२ जण हयात होते, डोसिटॅक्सेल घेतलेल्यांपैकी सुमारे ५१. सिस्प्लॅटिन न देण्याच्या कारणांत कमी ऐकू येणं हेही एक कारण धरलेलं होतं. तुझ्यासारख्यांसाठी दुसरी वाट शोधायला माणसांनी वर्षं घालवली आहेत.

पण म्हणून ‘डोस कमी करा’ असा हट्ट आपण धरायचा नाही. त्याच इस्पितळाचा ३०० रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमचा मोठा डोस आणि दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमचा लहान डोस यांची तुलना होती. हे आकडे शरीराच्या दर चौरस मीटरचे असतात. मोठ्या डोसात दोन वर्षांनी ७३ टक्के रुग्णांचा मूळ जागेचा आणि मानेतला आजार आटोक्यात होता, लहान डोसात ५८ टक्क्यांच्या आसपास. मात्र मोठ्या डोसात कानांचं नुकसानही जास्त झालं. पुढे जपानमध्ये, ऑपरेशन झालेल्या रुग्णांत, दर आठवड्याचा ४० मिलिग्रॅमचा डोस मोठ्या डोसाच्या तोडीचा ठरला. डॉक्टरांपुढे असे पर्याय असतात आणि त्यांतला कोणता निवडायचा ते त्यांनी तोलून ठरवायचं. पण तुझे कान वाजताहेत हेच त्यांना ठाऊक नसेल, तर ते काय तोलणार?

म्हणून उद्याच सांग, आणि कानाची तपासणी माग. तपासणीची तारीख पुढच्या सलाईनच्या नंतरची मिळाली, तर ती घेऊन मुकाट्यानं घरी येऊ नकोस. बाहेर एखाद्या ऑडिओलॉजिस्टकडे ऑडिओग्राम काढून घे. नेहमीच्या तपासणीत ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज तपासतात. त्याच्या वरच्या, १६,००० हर्ट्‌झपर्यंतच्या तपासणीत नुकसान लवकर दिसतं. तशी सोय आहे का ते विचार. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखव. मळ साचला असेल किंवा शेकामुळे पडद्यामागे पाणी झालं असेल तर त्यावर इलाज असतो. ताप आला आणि अमिकासिन किंवा जेंटामायसिन द्यायची वेळ आली, किंवा लॅसिक्स दिलं, तर ‘मला सिस्प्लॅटिन चालू आहे, कान वाजतात’ हे प्रत्येक डॉक्टरला सांग. तीही औषधं कानाला त्रास देतात. कधी ती द्यावीच लागतात, पण माहिती असली तर डॉक्टर जपून देतात.

चुकलेल्या शेकाचंही तसंच. आपल्या आजारात मध्ये दिवस गेले की उरलेल्या पेशी भराभर वाढतात, म्हणून शेकाचा एकूण काळ लांबणं वाईट. तो भरून काढण्याचे ठरलेले मार्ग आहेत. शनिवारी शेक देतात, दुसऱ्या मशीनवर हलवतात, किंवा एकाच दिवशी निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा देतात. माझ्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा ‘फोन येईल, घरी थांबा’ एवढंच सांगितलं होतं. ज्या बाईला फोनवर ऐकू येत नाही तिला फोनची वाट बघायला सांगणं मला फार लागलं. मी कागदावर प्रश्न लिहून शेकाच्या डॉक्टरांसमोर ठेवला: ‘चुकलेले शेक कसे भरून काढणार?’ त्यांनी शनिवार लावून दिले. तूही हाच प्रश्न लिहून ने. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी अडकली असेल तर भाचीला इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे पाठव आणि कोणता कागद कमी आहे ते लिहून घ्यायला सांग.

बाळ, ऐकू न येणारा माणूस हळूहळू मान डोलवायला लागतो. पुन्हा विचारलं तर समोरचा चिडेल असं वाटतं. डॉक्टरही मग त्याच्याशी बोलायचं सोडून नातेवाइकांशी बोलतात. आणि तारीख पुढे गेलेल्या माणसाला वाटतं, आपण गयावया केली तर आणखी मागे टाकतील. दोन्हींमुळे माणूस गप्प होतो, आणि कॅन्सरच्या उपचारात गप्प बसणाऱ्याचंच नुकसान होतं.

फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिही: ‘कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला.’ डॉक्टरांना म्हण, ‘माझ्याकडे बघून सांगा,’ आणि त्यांनी सांगितलेलं त्यांनाच परत म्हणून दाखव. बोललेलं मराठीत उमटवणारं ॲप भाची तुझ्या फोनवर घालून देईल. शेकाच्या खोलीत तोंडावर मास्क आवळला की तू एकटा असतोस आणि सूचना स्पीकरवरून येतात. म्हणून तंत्रज्ञाशी आधीच ठरव, त्रास झाला तर हात वर करीन.

उपचारानंतर गरज पडली तर श्रवणयंत्र बसवू. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करते, आणि केंद्र सरकारच्या योजनेतून कमी उत्पन्न असलेल्यांना यंत्र मिळतं. यंत्रानं सगळं परत येत नाही. गर्दीत मला अजून कळत नाही, रात्री शिट्टी वाजते. पण समोर बसून केलेल्या गप्पा कळतात आणि त्यासाठी मी त्या यंत्राची ऋणी आहे.

जीव वाचतोय तर कानांचं काय एवढं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. बरं झाल्यावर तुला घरातल्या माणसांत राहायचंय, भाचीच्या लेकीचे बोबडे बोल ऐकायचेत. बायकामुलांचे आवाजच आधी हातातून निसटतात. ते जितके राखता येतील तितके राखायला डॉक्टरांना मदत करणं, हा उपचाराचाच भाग आहे.

उद्या डॉक्टरांना सांगितलंस की मला मेसेज कर. तपासणी झाली की ऑडिओग्रामच्या आलेखाचा फोटोही पाठव; तो वाचायला मी शिकले आहे.

तुझी,
ताई