कुसळांच्या गावी

‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ’ ही म्हण मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. पण खरे कुसळ मला भेटले ते गेल्या दिवाळीनंतर, गोंदिया जिल्ह्यात, आणि तेही डोळ्यात नव्हे, विजारीच्या पायात!

नवेगावबांध म्हटले की वाचकांना मारुती चितमपल्ली आठवतात, तळे आठवते, पाखरे आठवतात. गवतासाठी तिकडे कोण जातो? मीही मंडईच्या निमित्तानेच गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी वनखात्यात आहे. तो म्हणाला, “सर, चला, आमचे कुरण दाखवतो.” त्याचे आजोबाही जीपमध्ये येऊन बसले.

नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. त्या सुमारास कवलेवाडा, कालीमाटी, झनकारगोंदी ही गावे रानातून उठली आणि सौंदडजवळ श्रीरामनगरात वसली. बाबाजी त्यांतल्याच एका गावचे.

जीप थांबली तिथे गाव नव्हते. चिंच होती, मोहाची झाडे होती, धानाच्या बांध्यांचे बुजत चाललेले बांध होते. आणि कमरेइतके गवत.

“हे आपोआप आले असेल?” मी विचारले.

विद्यार्थी हसला. मोकळ्या जमिनीवर आधी येतात तरोटा आणि रानतुळस. ती फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटायची. एकदा बी पडले की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मग दिवाळीनंतर चांगल्या गवताचे पिकलेले बी हाताने ओरपून वाळवायचे, शेणखत आणि चाळलेली माती मिसळून पावसाच्या तोंडावर विरळ फेकायचे. बी बारीक; खोल गेले तर उगवत नाही. रेताड जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून पहिले वर्ष गवताला मुळे धरू द्यायची. कापणी नाही, चराई नाही. गवत आले की चितळ येते, आणि चितळामागून वाघ.

“मारवेल इथं कायले लावला?” बाबाजी एकदम म्हणाले. “ही बर्डी आहे. मारवेल ओलीचा गवत, त्याले नाल्याकाठी लावा. इथं पवना बरा. माजी ढोरं इथंच चरत होती ना!”

विद्यार्थ्याने मुकाट्याने वही काढली. पाहिले तर बर्डीवरचा मारवेल खरोखरच खुरटला होता.

परतताना मी कुसळे वेचीत बसलो. कुसळाचे शेपूट पिळदार असते. ओल लागली की उलगडते, वाळले की पुन्हा पीळ घेते, आणि असे फिरत फिरत बियाला जमिनीत रुतवते. विजार तर त्याला जमिनीहून मऊ!

बाबाजी चिंचेखाली उभे होते. त्यांचे घर तिथेच होते, असे नातवाने हळूच सांगितले. मला काय बोलावे सुचेना. “गवत छान आले आहे, बाबाजी,” एवढेच म्हणालो.

“आला पायजे, मास्तर,” ते म्हणाले. “आमी गाव सोडलो. मंग गवत तरी बेस झाला पायजे.”

जीपमध्ये बसताना त्यांनी नातवाला बजावले, “जून लागायच्या आत पवन्याचा बी आणून ठेव. मी येतो, कुठं फेकाचा ते दाखवतो.”