चिटणविसांचे सागवान

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप महाविद्यालयाच्या फाटकातून महाल या जुन्या वस्तीच्या रोखाने, चिटणविसांच्या वाड्यातील सागवानी नक्षी पाहावयास निघालो तेव्हा डोळ्यांपुढे होते ते स्कॉटलंडमधील ओकचे लाकूड. अॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर बिशप विल्यम एल्फिन्स्टन याने १५०० साली बांधावयास घेतले. त्यातील ओकची कोरीव आसने, १५६० च्या धर्मक्रांतीत त्या देशातील देवळे उघडीबोडकी होत असताही, शाबूत राहिली. त्याच स्कॉटलंडातून १८४५ साली येथे आलेले, शाळा काढून उरल्या वेळात जीवाश्म वेचीत हिंडणारे आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्यात बुडालेले स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ १८८३ साली हे महाविद्यालय निघाले.

हिस्लॉपांनी पाहिलेले नागपूर मात्र महालात शोधावे लागते, आणि तेथेही ते फारसे सापडत नाही. काळ्या पाषाणाचा, लाकडी नक्षीने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. मोठा दरवाजा तेवढा राहिला. दौलत तर त्याआधी दहा वर्षे, १८५४ मध्येच, खालसा झाली होती.

धन्याचे सागवान असे गेले. दफ्तर सांभाळणाऱ्याचे उरले. चिटणवीस म्हणजे दरबारचा पत्रलेखक. ‘नवीस’ हे फारसीचे देणे. भोसल्यांच्या या चिटणवीस घराण्याच्या वाड्यात शिरताच उन्हाने दिपलेली नजर प्रथम काही वेळ आंधळीच होते. मग हळूहळू चौकाभोवतीचे खांब आकार घेतात. तुळईखालच्या एका हस्तापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात केळफूल लोंबते आहे, त्याची पाकळी पाकळीवर चढलेली, आणि टोक असे निमुळते की ते आता उमलेल असे वाटावे. बोट फिरविले तर कडेला पटाशीची किंचित खरखर अजून लागते. हे कोरणाऱ्या सुताराचे नाव कोठे लिहिलेले मला दिसले नाही. चिटणविसाच्या घरी तरी ते लिहिलेले असावयास हवे होते!

वाडा खासगी आहे. पाहू इच्छिणाऱ्याने आधी विचारून जावे, आणि जावे ते सकाळी. दुपारच्या उन्हानंतर डोळ्यांना ती नक्षी फार उशिरा दिसते.